फोनची झोप आणि माझा होकार

चिखले, ता. डहाणू
गुरुवार, १२ ऑक्टोबर २०१७

श्रीमान जतीनराव, मुक्काम बंगळूर, यांस चिखल्याहून दौलत यांचा नमस्कार. तुमच्या ताईसकट आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तुमची तब्येतही उत्तमच असणार. एसीत बसून दुसऱ्यांच्या फोनला अंगाई म्हणणाऱ्या माणसाच्या तब्येतीला काय होणार? तरी रीत म्हणून विचारतो. पोटाचं विशेष विचारतो, कारण गणपतीत तुम्ही मोदकांवर जो हात चालवलात तो पाहून गणपतीसुद्धा थोडा मागे सरकल्यासारखा मला वाटला होता. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मला फोनविषयीच बोलायचं आहे, आणि कोणाविषयी वाईट बोलायचं तर ते त्याच्या तोंडावर बोलू नये एवढी रीत आमच्याकडे अजून पाळतात.

गणपतीत तुम्ही आलात तेव्हा माझी एकच तक्रार होती, की फोनची बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतही पुरत नाही. ही तक्रार मी तुमच्याकडे केली नव्हती, हवेत केली होती. (घरातला कर्ता माणूस तक्रारी हवेतच करतो. त्या कोणी सोडवाव्यात अशी त्याची मुळीच इच्छा नसते.) पण तुम्ही पडलात नेमके त्याच, फोनची बॅटरी वाचवण्याच्या खात्यातले. मला ओटीवर बसवून तुम्ही व्याख्यान दिलंत, की भावोजी, फोन म्हणजे नुसता चालू किंवा बंद असा नसतो, त्याच्या अवस्था असतात. हातात असला की तो जागा. खाली ठेवला, पडदा काळा झाला, की तो पेंगतो. कोणी हात लावला नाही, जागचा हलला नाही, चार्जरलाही नसला, तर तो समजून घेतो की आपली कोणाला गरज नाही, आणि गाढ झोपतो. मग मधूनमधून जरासा उठतो, साठलेली सगळी कामं एकदम उरकतो आणि परत झोपतो, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त वेळ झोपतो. जे ॲप कोणी चार दिवस उघडलं नाही त्याला तर तो कोपऱ्यातच बसवतो आणि दिवसातून एकदा घास घालतो. हे सगळं सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते तुमच्या लग्नातही नव्हतं. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, ह्या इसमाला मी ओळखतो. अशी थोडा वेळ उघडणारी आणि जास्त वेळ बंद राहणारी खिडकी मी सरकारी कचेऱ्यांत जन्मभर पाहिली आहे. फरक इतकाच, की तिथल्या माणसाला ही अक्कल उपजत असते, आणि तुमच्या कंपनीत ती शिकवायला शेकडो इंजिनिअर ठेवतात.

असो. तुम्ही माझा फोन घेतलात, त्यात नवं काहीतरी चढवलंत, एकेक ॲप धरून झोपवलंत आणि मोदक बांधून घेऊन गेलात. बॅटरी तीन दिवस टिकू लागली, हे कबूल करतो. टिकणारच. काहीच न करणारा माणूस दमलेला कोणी पाहिला आहे का?

आता आमच्या घरची अडचण तुम्हाला ठाऊक आहे, पण व्याख्यानाच्या भरात तुम्ही ती विसरलात. आमची वाडी दाट. चिकूची झाडं आकाश दिसू देत नाहीत, तिथे रेंज कुठून येणार? अख्ख्या घरात रेंज मिळते ती ओटीवरच्या खिडकीच्या कट्ट्यावर, तीही उजव्या कोपऱ्यात. म्हणून फोन कायम तिथे ठेवलेला. खिशात घालून वाडीत फिरवला तर रेंज नाही, आणि कट्ट्यावर ठेवला तर तो न हलता पडून राहतो, म्हणजे तुमच्या शास्त्राप्रमाणे त्याची कोणाला गरज नाही, म्हणजे झोप. जागा राहायचं असेल तर हलायला हवं आणि ऐकू यायला हवं असेल तर हलून चालणार नाही, असं हे तुमचं यंत्र. अशा पेचात एखादा माणूस सापडला असता तर आम्ही त्याला जेवायला घातलं असतं.

पहिला फटका बसला तो चिकूंना. डहाणू रोडचा व्यापारी प्रितेश आपला माल उचलतो हे तुम्ही जाणता. तो हल्ली फोन करत नाही, मेसेज टाकतो (तुमच्यासारख्यांनी त्याला शिकवलं असणार). त्याने सकाळी कळवलं की आज टेम्पो दुपारीच निघेल. फोनने हा निरोप झोपेत ऐकला आणि तुमच्या ताईने संध्याकाळी कट्टा पुसायला फोन उचलला तेव्हा टिंग टिंग करत एकदम ओकला. तोवर टेम्पो चारोटीच्या पुढे गेला होता. तोडलेला चिकू वाट पाहत नाही, जतीनराव. चौथ्या दिवशी सगळे एकदम पिकले. आम्ही चिकू खाल्ले, चिकूची भाजी (हो, भाजी) खाल्ली, शेजाऱ्यांना वाटले, आणि शेवटी शेजारी मला पाहून दार लावू लागले. तुम्हाला मेसेज करून उपाय विचारला तर तुमचं उत्तर दोन दिवसांनी आलं. म्हणजे जे औषध आम्हाला पाजलंत ते स्वतःही घेतलंत, एवढा प्रामाणिकपणा मी मान्य करतो. त्या उत्तरात सेटिंगमध्ये जा, मग बॅटरीत जा, मग तीन टिंबांवर दाबा असं जे लिहिलं होतंत, त्यातली दोन टिंबं मला सापडली. तिसरं अजून शोधतो आहे. स्टेशनजवळच्या बाळ्या मोबाईलवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला की सगळं पुसून नव्याने भरावं लागेल, फोटो जातील. फोटोंत आमच्या लेकीच्या, मयूरीच्या, नर्सिंगच्या पदवीचा फोटो आहे. मी फोन उचलून घरी आलो.

तेव्हा उपाय आम्हीच काढला. उचलला की जागा होतो, म्हणजे हलवत ठेवला पाहिजे, हे तुमच्या ताईच्या लक्षात आलं. खिडकीच्या गजाला ओढणीची झोळी बांधली, फोन तिच्यात निजवला, झोळीची दोरी मान हलवणाऱ्या टेबलफॅनला बांधली, आणि फॅन सुरू केला. फॅन मान फिरवतो, झोळी हलते, फोन जागा राहतो. सगळ्या जगात झोळी हलवतात ती झोपवण्यासाठी. तुमच्या खात्याने ती जागं ठेवण्यासाठी हलवायला लावली, ही कामगिरी लहान नाही. शिवाय फोनची चिमूटभर वीज वाचावी म्हणून फॅन दिवसभर चालतो. पण प्रितेशचे निरोप वेळेवर येऊ लागले. मी झोळीकडे बघून रोज तुमची आठवण काढत असे. कोणत्या शब्दांत, ते ताई सांगेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी वारा सुटला आणि जांभळाची मोठी फांदी विजेच्या तारेवर पडली. शुक्रवारची रात्र अंधारात, शनिवार अंधारात. फॅन बंद, झोळी स्थिर, फोन तुमच्या कृपेने समाधीत. मी शनिवारी एकदा म्हणालोही की जरा फोन उचलून बघतो, तर ताई म्हणाली, असू दे, बॅटरी वाचेल. तिला बॅटरीचा एवढा कळवळा कधीपासून, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

रविवारी दुपारी मी चड्डी-बनियनवर, अंगाला लाकडाचा भुसा लागलेला, फांदी ओढत अंगणात आलो, तर दारात रिक्षा. तिच्यातून मयूरी उतरली. ती वापीच्या दवाखान्यातून सुटीला येते, त्यात नवल नाही. पण तिच्यामागून एक उंच, सावळा मुलगा उतरला, आणि त्याच्यामागून पांढऱ्या केसांची, नाकात चमकी घातलेली, माझ्याकडे तलाठ्याने जमीन मोजावी तसं बघणारी एक बाई. मयूरी सरळ माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही फोन केला नाहीत, तेव्हाच मी समजले."

जतीनराव, ही मुलगी एरवी मी फोन करत नाही म्हणून रुसते. आज त्याच गोष्टीवर तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, सोबत दवाखान्यातली माणसं आणली आहेत, आधी विचारलं नाही म्हणून संकोचली असेल. म्हणून मी म्हणालो, "फोन कशाला करायचा? आपलंच तर घर आहे." एवढं साधं वाक्य. त्यावर तो मुलगाही माझ्या पाया पडला, मयूरीने तोंडाला ओढणी लावली, आणि आतून तुमची ताई इस्त्रीची साडी नेसून, केसांत फूल घालून, तयार चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. वीज नसताना साडीला इस्त्री कशी झाली हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही. ती वीज जायच्या आधी, गुरुवारीच करून ठेवली होती, हे नंतर कळलं.

ओटीवर बसलो. मुलाचं नाव जीवन, मयूरीच्याच दवाखान्यात रक्त तपासतो. घर तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावर. वारली. वडील नाहीत, ही आई जानीबाई, भाताची थोडी शेती स्वतः बघते. मी हे सगळं शिष्टाचार म्हणून ऐकत होतो. माझ्या डोक्यात अजून पाहुणे जेवून जाणार की चहावर, एवढाच प्रश्न होता. जानीबाईंनी कपात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या की तुमच्या किनाऱ्याकडच्या बंदरपट्टीत चहा अर्धाच देतात असं ऐकलं होतं, ते खरं निघालं. मी ताईकडे पाहिलं, ताईने कप भरला. एवढ्यात वीज आली. फॅनने मान फिरवली आणि खिडकीतली झोळी आपोआप हलू लागली.

जानीबाईंनी झोळीकडे पाहिलं, मग मयूरीकडे, मग मुलाकडे फार वाईट नजरेने पाहिलं, आणि विचारलं, "घरात तान्हं कोणाचं आहे?"

मग मला सगळी हकीगत सांगावी लागली. तुमचं नाव, तुमचं शिक्षण, तुमचा पगार (अंदाजाने), फोनच्या अवस्था, चिकूची भाजी, काही वगळलं नाही. सांगताना मी जरा तापलोच. आणि पहिल्यांदाच असं झालं की समोरचा माणूस माझी समजूत काढायच्या ऐवजी माझ्याहून जास्त तापला. जीवनने आपला जुना फोन आईला दिला आहे, आणि देताना त्यालाही तुमच्यासारखीच झोप लावून दिली आहे. जानीबाईंची बहीण संगिता हिचे निरोप त्यांना दुसऱ्या दिवशी मिळू लागले. मग त्यांनीही शोध लावला, की फोन हलला की उठतो. त्यांनी तो पिशवीत घालून शेळीच्या गळ्यात बांधला. शेळी दिवसभर चरते, फोन दिवसभर जागा. मला मान्य करावं लागलं की ह्याला वीज लागत नाही. पण शेळी रेंज बघून चरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या शेळीने पिशवी खाल्ली, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. पुढचा अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून तुमचं आणि जीवनचं जे काही केलं ते लिहीत नाही. जीवन खाली मान घालून बिस्किटं खात होता. इतकं मनापासून कुरकुर करणारं माणूस मला ह्या तालुक्यात आजवर भेटलं नव्हतं.

कुरकुर संपली तेव्हा जानीबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "खरं सांगते दौलतभाऊ. मी नको म्हणायलाच आले होते. तुमची माणसं तोंडावर गोड बोलतील आणि माझ्या पोराला पंगतीत शेवटी बसवतील. पण पोरगी म्हणाली, बाबांनी एका शब्दाने अडवलं नाही. मग मी काय बोलू?"

कशाला नको, आणि मी काय अडवलं नाही, हे मी विचारणार, तोच झोळीत टिंग झालं. मग पुन्हा टिंग, पुन्हा टिंग. झोळीतून फोन काढला. शुभ सकाळवाली सहा फुलं, प्रितेशचे दोन निरोप, आणि त्यांच्या खाली शनिवारी सकाळी मयूरीने पाठवलेला मेसेज. "बाबा, मला जीवनशी लग्न करायचं आहे. तो तलासरीचा, वारली. रविवारी त्याला आणि त्याच्या आईला घरी आणते. तुम्हाला मान्य नसेल तर आज रात्रीपर्यंत फोन करा आणि तोंडाने नको म्हणा. फोन आला नाही तर आम्ही निघू."

जतीनराव, तुम्ही मला ओळखता. हा मेसेज शनिवारी दिसला असता तर मी तो पुरता वाचलाही नसता. वारली ह्या शब्दापर्यंत येऊन कट्ट्याशी उभा राहून फोन लावला असता आणि नको म्हटलं असतं. वर आपण कोण, ते कोण, लोक काय म्हणतील, हेही ऐकवलं असतं. आपल्या घरात हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, मला तर बालपणापासून. आणि मयूरी आली नसती. तिचा स्वभाव माझा आहे, त्यामुळे पुन्हा कधी आली असती हे मला माहीत नाही.

पण आता ती माझ्यासमोर रिकामे कप ट्रेमध्ये घेऊन उभी होती, आणि पलीकडे जानीबाई बसल्या होत्या, ज्यांच्या मुलाला आम्ही पंगतीत शेवटी बसवू असं त्यांना वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, आदल्या दिवशी कोणी विचारलं असतं तर बसवलाच असता. फोन हातात होता. हे मी आत्ताच वाचतो आहे, एवढं म्हणणं पुरलं असतं. मयूरीने विचारलं, "कोणाचा मेसेज, बाबा?"

मी म्हणालो, "प्रितेशचा. टेम्पोचं काहीतरी." आणि फोन झोळीत टाकला.

ह्याचा अर्थ मी विरघळलो वगैरे काढू नका. एक तर मी चड्डी-बनियनवर होतो, आणि त्या वेषात मोठा निर्णय जाहीर करणं शोभत नाही. दुसरं, ताईने आत डाळ-भात आणि बोंबलाचं कालवण करून ठेवलं होतं (शनिवारीच बोंबील आणले होते, त्याचाही उलगडा नंतर झाला), आणि जेवणाच्या तोंडावर भांडण काढणारा माणूस मी नाही. जेवताना मी जीवनला माझ्या शेजारी, पहिल्या पाटावर बसवला. त्याने तीनदा भात घेतला. जानीबाईंनी कालवणात मीठ कमी असल्याचं सांगितलं. कमीच होतं.

लग्न माघात ठरतं आहे. आमच्या भावकीत तोंडं फिरली आहेत. थोरल्या चुलतभावाने तर येणार नाही असं कळवलं आहे. मी त्याला कळवलं, की मांडवातल्या खुर्च्या भाड्याच्या आहेत, एक कमी सांगतो. जानीबाईंच्या पाड्यावरही दोन म्हातारे धुसफुसत आहेत. त्यांची बातमी मला रोज संध्याकाळी मिळते, कारण जानीबाई रोज संध्याकाळी फोन करतात (मेसेज नाही, फोन), आणि आम्ही तुम्हा लोकांविषयी थोडं बोलतो. तर तुमच्या त्या विद्येबद्दल माझं मत आहे तेच आहे. ज्या वस्तूला हलवल्याशिवाय जाग येत नाही तिला हुशार म्हणणं हा तुमच्या खात्याचा गैरसमज आहे. लहानांना आशीर्वाद, तुमच्या सौभाग्यवतींना नमस्कार. त्यांनी तुम्हाला वेळेवर झोपवावं आणि वेळेवर उठवावं, ही इच्छा.

तुमचे भावोजी,
दौलत

ता. क. तुम्ही मामा आहात. मांडवात मुलीच्या पाठीशी उभं राहायला रजा घेऊन या. येऊन फोनला हात मात्र लावू नका. आता तो जसा आहे तसा आम्हाला चालतो.

ता. क. २. खरं काम लिहायचं राहिलं. मेसेज कोणत्या दिवशी, किती वाजता वाचला हे पाठवणाऱ्याच्या फोनात दिसतं, असं बाळ्या मोबाईलवाला म्हणाला. (एका मित्राचं काम आहे असं सांगून मी विचारलं.) मयूरी सगळ्यांना सांगते आहे की बाबांनी शनिवारी वाचलं आणि एका शब्दाने अडवलं नाही. परवा जानीबाईंच्या नातेवाइकांसमोरही सांगितलं, आणि ते ऐकून एक म्हातारा गप्प बसला. तिने कधी सहज उघडून पाहिलं तर रविवार दुपार दिसेल. तेवढी वेळ पुसता किंवा मागे नेता येते का ते बघा. इतकी वर्षं त्या खात्यात आहात, एवढं तरी येत असेल. उत्तर पत्रानेच पाठवा. हल्ली माझा फोन मयूरी हाताळते.

चि. जतीन,
ह्यांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले, म्हणून मी वाचलं. ते वेळ पुसण्याच्या मागे लागू नकोस. मयूरीने त्याच रविवारी संध्याकाळी पाहिलं. पाहायची गरजही नव्हती, ट्रे घेऊन ती समोरच उभी होती, त्यांचा चेहरा तिला दिसला. रात्री भांडी विसळताना मला म्हणाली, आई, बाबांना तेव्हा नको म्हणता आलं असतं. एवढंच म्हणाली. आपल्याला कळलंय हे त्यांना समजू नये असं तिलाही वाटतं. तेव्हा तू त्यांना लिही की काम झालं, आता कोणाला काही दिसणार नाही. आणि हळदीच्या आदल्या दिवशी ये, ऐन वेळी नको.
ताई